आजीच्या तोंडचा 'डवरा', बाहत्तरचा दुष्काळ आणि पर्यावरणीय मानव्यविद्या : आपल्याकडच्या पोरांना यात काय करता येईल?

गंगथडी · रविवार, रात्री १०.२०

नमस्कार. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कला शाखेच्या मुलांना मी मराठी शिकवतो. धागा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

यंदा दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एक काम दिलं होतं. घरातल्या किंवा गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापाशी बसायचं, बाहत्तरच्या दुष्काळाचं विचारायचं, मोबाइलवर आवाज घ्यायचा आणि माणूस जसं बोललं तसं कागदावर उतरवायचं. भाषा 'सुधारायची' नाही, एवढी एकच अट. चौदा जणांनी काम आणून दिलं. त्यातली एक मुलगी दुधना काठच्या गावची. तिची आजी तेव्हा दोन लेकरांची आई होती. आजी एक्केचाळीस मिनिटं बोलली आहे.

आडात पाणी किती उरलंय ते पोहरा टाकल्याच्या आवाजावरून कळायचं, असं ती सांगते. 'डुबुक' झालं तर दोन घागरी निघतील. 'खण्ण' झालं तर पोहरा वर ओढायचा आणि मुकाट घरी यायचं. मिलोची (बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी थापताना कशी फुटायची ते सांगते. सरकारी दुष्काळी कामावर मिळालेली सुकडी (मजुरांना वाटायचा पौष्टिक खाऊ) स्वतः न खाता पदरात बांधून लेकरांना आणायची. तरोटा, घोळ, पाथरी उकडून दिवस काढले. आणि बोलता बोलता एक वाक्य येतं : "दिसभर खडी फोडली अन् रात डवऱ्यावर काढली."

मुलीनं खाली टीप दिली, 'डवरा : कोळपणीचं अवजार'. मीही तसंच वाचून पुढं गेलो. रात्री वही पुन्हा उघडली तेव्हा खटकलं. रानात पेरलेलंच काही नव्हतं, बैल आधीच विकले होते, हे आजीच दोन मिनिटं आधी सांगते. मग रात्रभर कसली कोळपणी? कुणाला ठाऊक असेल तर सांगा. मुलगी दिवाळीच्या सुट्टीत आजीकडं जाणार आहे, पण मला तोवर धीर नाही.

आता धाग्याचा दुसरा भाग. मी स्वतः पीएच.डी.ला बसलो तेव्हा 'गोदाकाठच्या बोलीतले पाण्याचे शब्द' हा विषय दिला होता. समितीतल्या एकांनी तो भूगोलात घेऊन जा म्हणून सांगितलं. भूगोलातल्यांनी भाषेत घेऊन जा म्हणून सांगितलं. शेवटी मी एका कवीवर प्रबंध केला. त्याचं वाईट वाटत नाही, पण तो विषय गेला तो गेलाच.

आज त्याच प्रकारच्या कामाला नाव आहे, पर्यावरणीय मानव्यविद्या. पाऊस किती मिलिमीटर झाला, भूजल किती मीटर खाली गेलं हे मोजणारी शास्त्रं आहेत आणि ती हवीतच. पण पाणी आटलं तेव्हा कुणी कुणाला घागर भरू दिली, कुठल्या गावानं पावसासाठी धोंडी काढली, बायकांनी जात्यावर काय गायलं, सरकारी कागदावर 'दुष्काळ' न लिहिता 'दुष्काळसदृश' का लिहिलं गेलं, हे इतिहास, साहित्य, भाषा, तत्त्वज्ञान यांतून शोधायचं. ऑस्ट्रेलियात डेबोरा बर्ड रोज, व्हॅल प्लमवूड यांच्यासारख्या अभ्यासकांनी याची पायवाट पाडली. २००९ मध्ये जर्मनीत म्युनिकला याच अभ्यासाचं रेचल कार्सन केंद्र उभं राहिलं. २०१२ पासून 'एन्व्हायर्न्मेंटल ह्युमॅनिटीज' याच नावाचं नियतकालिक निघतं आणि ते कुणालाही फुकट वाचता येतं. आपल्याकडं माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात देवरायांवर काम केलं तेव्हा हे नाव नव्हतं, पण झाडं आणि माणसांची श्रद्धा एकत्र पाहायची ही दृष्टी त्यात होतीच.

माझं म्हणणं सरळ आहे. बाहत्तर साली वीस वर्षांची असलेली माणसं आता सत्तरी ओलांडून गेली. त्यांच्या तोंडचं टिपून घ्यायला आपल्यापाशी फार वर्षं नाहीत. आणि ते टिपायला म्युनिकहून कुणी यायची गरज नाही. ज्याला 'डुबुक' आणि 'खण्ण' मधला फरक ऐकू येतो असं आपलं पोरगंच ते नीट करील. पण त्याला रस्ता कुठला दाखवायचा? पैसे, मार्गदर्शक, छापायची जागा, ज्याला जे माहीत असेल ते इथं लिहा.

—

शाळू · रविवार, रात्री ११.०५

सर, हिंगोलीचा आहे. डवरा म्हणजे कोळपणीचंच. आमच्याकडं कापसात, सोयाबीनमध्ये डवरणी म्हणतात. पण तुम्ही म्हणता तसं दुष्काळात बसत नाही खरं. रात्री तर डवरा कुणीच धरत नाही, पिकाचं रोप दिसायला पाहिजे ना.

दुसरं मनापासून विचारतो. मी इतिहासात एम.ए. केलं, आठ वर्षं झाली, साडेचार एकर कसतो. नेट दोनदा थोडक्यात गेली. आमच्यासारख्याला असले विषय ऐकायला गोड लागतात. पण यात पोट भरतं का? घरी बाप विचारतो तेव्हा काय सांगावं?

—

केजची_पुण्यात · सोमवार, सकाळी ८.१५

शाळू दादा, प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी पैशाचंच लिहिते. मी याच क्षेत्रात पीएच.डी. करते आहे.

नेटमध्ये जेआरएफ (संशोधनासाठीची सरकारी फेलोशिप) निघाली तर १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढं ४२,००० रुपये, वर घरभाडं. नुसती नेट निघून जेआरएफ हुकली तरी वाट बंद होत नाही. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, आदिवासींसाठी टीआरटीआय, या चारही संस्था संशोधक विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. जागा आणि अटी दर जाहिरातीत बदलतात, तेव्हा ऐकीव माहितीवर न जाता ताजी जाहिरात मुळातून वाचा. आणि एक अनुभवाचं सांगते. माझे हप्ते एकदा सात महिने रखडले होते. शिकवण्या घेऊन खोलीचं भाडं भरलं. त्यामुळं घरी सांगताना 'दर महिन्याला येतील' असं सांगू नका, 'येतील' एवढंच सांगा.

पीएच.डी. करायची नसेल तरी जागा आहेत. बंगळूरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स (आयएफए) ही संस्था कला आणि लोकपरंपरांवरच्या कामाला अनुदान देते आणि अर्ज मराठीतही चालतो. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण इंग्रजीच्या धाकानं आपली निम्मी पोरं अर्जच करत नाहीत. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेली 'परी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) ही वेबसाइट ग्रामीण भागातल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेते, ध्वनिमुद्रणं घेते, आणि तिथं मराठीतही छापून येतं. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं संकुल आपल्या दारातच आहे. म्युनिकच्या केंद्राच्या फेलोशिप पुढच्या टप्प्याच्या, पण नॉर्वेतल्या स्टॅव्हेंजर विद्यापीठाचं ग्रीनहाऊस केंद्र नव्या पुस्तकांवर ऑनलाइन चर्चा ठेवतं. त्या मी माजलगावला मामाच्या ओसरीत बसून ऐकल्या आहेत. पहिल्या दोन-तीन वेळा निम्मं डोक्यावरून गेलं, मग कान सरावला.

सर, आता तुमच्या कामाबद्दल. ओव्यांचं तुम्ही लिहिलंत. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या आता परीवर आहेत. त्यात माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांच्या ओव्या आहेत. बहुतेकजण त्या बाबासाहेबांवरच्या ओव्या म्हणून वाचतात. पण सगळ्या भांडारात पाऊस, विहीर, शेत, बैल यांवर जे आहे ते एखाद्यानं नुसतं वेगळं काढून गावनिहाय मांडलं तरी एक प्रबंध होईल. सगळं ऑनलाइन आहे, प्रवासखर्च नाही. शाळू दादा, तुमच्या साडेचार एकरांच्या सोबत हे होण्यासारखं आहे.

—

दस्तऐवज · सोमवार, दुपारी ३.४०

निवृत्त आहे. महसुलात हयात गेली. उर्दू शिकलो वडिलांकडून, मोडी नंतर शिकलो.

गंगथडी सरांनी माणसांच्या तोंडचं लिहिलं. मी कागदाचं लिहितो. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. त्यामुळं आपला जमिनीचा इतिहास पुण्या-मुंबईच्या दफ्तरात कमी आणि उर्दू-फारसी-मोडीत जास्त आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली तेव्हा तहसिलांतली जुनी गाठोडी सुटली, कागद स्कॅन झाले. सगळ्यांनी त्यात एकच रकाना पाहिला. जातीचा.

त्याच कागदांत बाकीचे रकाने आहेत. १९५४-५५ च्या खासरा पत्रकात, म्हणजे गावच्या जमिनीच्या नोंदवहीत, गट, क्षेत्र, पीक, पाण्याचं साधन असं सगळं आहे. विहिरीला तिथं 'बावली' लिहिलेलं सापडतं. मी माझ्या स्वतःच्या गावचं पत्रक घेऊन एक उन्हाळा शिवार फिरलो. कागदावर ज्या विहिरी आहेत त्यांतल्या किती उरल्या ते पाहायला. काही बुजवून वर गोठे झालेत. काहींच्या थारोळ्याचे दगड बांधाला लावलेत. एका विहिरीवर मोटेच्या नाड्यानं घासून दगडाला बोटभर खोल खाच पडलेली आहे, त्यात अजून हात फिरवता येतो. ती खाच कुठल्याही रकान्यात नाही. पण पत्रक हातात नसतं तर मी त्या बाभळीच्या झुडपात शिरलोच नसतो.

हैदराबादला तारनाक्यात तेलंगण राज्याचं अभिलेखागार आहे, निजामाचं दफ्तर तिथं. शिवाय १८८४ चं औरंगाबाद जिल्ह्याचं गॅझेटियर, त्यात त्या काळची झाडं, पिकं, पाण्याची सोय. घरांत, दर्ग्यांत, मठांत पडलेल्या कागदांसाठी ब्रिटिश लायब्ररीचा २००४ पासून एक कार्यक्रम चालू आहे, धोक्यात असलेल्या दफ्तरांच्या प्रतिमा करून ठेवायला ते अनुदान देतात आणि मूळ कागद जागचा हलत नाही. आपल्या भागात असे किती पेटारे वाळवीच्या तोंडी आहेत ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

उर्दू वाचणारा तरुण मात्र मिळत नाही. कुणी शिकायला तयार असेल तर मी शिकवीन. पैसे नकोत. दर रविवारी दोन तास.

डवरा मला माहीत नाही.

—

कोयत्याचं_पोर · सोमवार, रात्री ९.५०

वाचतोय सगळं. बीड जिल्हा, शिरूर कासार तालुका. आई-बाप वीस वर्षं ऊसतोडीला गेले. मी फडावरच्या कोपीत (झोपडीत) वाढलो, उसाच्या वाढ्यावर झोपलो, आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो.

माझ्या आईनं आजवर पाच वेळा मुलाखत दिली आहे. माझ्या मोजणीत. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय गाजला, २०१९ च्या समितीनं ८२,३०९ बायकांची पाहणी केली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, तेव्हा तर दारात गाड्या लागायच्या. आईनं प्रत्येकाला चहा केला. पाचांपैकी एकानंही लिहिलेलं परत आणून दाखवलं नाही. एकानं तिचा फोटो छापला, तो मला तालुक्याच्या गावी वडा बांधून दिलेल्या कागदावर सापडला. मी तो कागद पुसून घरी आणला, आईला दाखवला नाही.

म्हणून सर, तुमच्या चौदा पोरांच्या कामाबद्दल विचारतो. आजीचा आवाज कुणाच्या मालकीचा? उद्या तुमच्या शोधनिबंधात तिचं वाक्य आलं तर तिचं नाव येणार का 'एक वृद्ध महिला' येणार? आणि ऊसतोड हा पर्यावरणाचा विषय आहे का तुमच्या मते? का पर्यावरण म्हणजे नुसती नदी आणि झाडं? आमच्या डोंगरपट्ट्यात पाणी नाही म्हणून माणसं मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतात, उचल फेडायला पाणी पिणाऱ्या उसात जातात. हे सगळं एकच आहे.

—

गंगथडी · मंगळवार, सकाळी ६.३०

कोयत्याचं_पोर, रात्री तुमचा प्रतिसाद वाचला आणि उत्तर द्यायला सकाळ उजाडू दिली.

तुम्ही विचारलंत ते मी मुलांना सांगितलं नव्हतं. चूक माझी. सांगायला हवं होतं की आवाज आजीचा आहे, तो कुठं वापरायचा ते आजी ठरवणार, नाव द्यायचं की नाही तेही तीच. परीवर ओवी गाणाऱ्या प्रत्येक बाईचं नाव आणि गाव असतं, तसंच हवं. आज तासाला गेलो की पहिली गोष्ट हीच. चौदाही घरी मुलं परत जातील, उतरवलेलं वाचून दाखवतील आणि विचारतील. जे 'नको' म्हणतील त्यांचं काढून टाकू.

ऊसतोड हा विषय या क्षेत्राच्या मधोमध बसतो, कडेला नाही. उचल, मुकादम, कोयता (म्हणजे तोडणीची नवरा-बायकोची जोडी), अर्धा कोयता (एकटं माणूस) या शब्दांत पाणी, कर्ज आणि बाईचं शरीर एका दोरीत बांधलेलं आहे. हे जो आतून जाणतो त्यानंच लिहावं. तुम्ही लिहाल का? मी हे भिडेखातर विचारत नाही. तुमचा वरचा प्रतिसाद मी तीनदा वाचला.

—

केजची_पुण्यात · मंगळवार, दुपारी १.१०

दादा, तुमच्याच प्रश्नावर आता बाहेरही काम होतं आहे. मुकुल शर्मा यांचं जात आणि निसर्ग यांवरचं पुस्तक २०१७ ला आलं. आपल्याकडचा पर्यावरणविचार जातीबद्दल गप्प का राहिला हे त्यांनी विचारलं आहे. त्यानंतर पाणवठा, गायरान, मेलेली जनावरं, कातडं यांकडं पर्यावरणाचा इतिहास म्हणून पाहणारे तरुण अभ्यासक वाढले. मराठवाड्यात गायरानाच्या लढ्यांचा केवढा इतिहास आहे, त्यावर मराठीत सलग काम झालं पाहिजे.

नव्या संशोधनात मला सगळ्यात भावलेलं एक सांगते. २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गोदावरीच्या मुखाजवळ बंगालच्या उपसागराच्या तळातून गाळाचा खांब काढला आणि त्यातल्या वनस्पतींच्या अंशांवरून गेल्या काही हजार वर्षांत हे खोरं कसं कोरडं होत गेलं ते वाचलं. म्हणजे आपल्या रानातली वाहून गेलेली काळी माती तिथं थरावर थर बसली आहे आणि तिच्यात आपला पाऊस लिहिलेला आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञ सागाच्या वलयांवरून जुना पाऊस वाचतात. आता इतिहासकार अशी वलयं आणि दस्तऐवज काकांसारखे कागद शेजारी ठेवून पाहू लागले आहेत. वलय सांगतं पाऊस कमी झाला. त्या साली शेतसारा माफ झाला की दामटून वसूल झाला हे वलयाला माहीत नसतं. ते उर्दूत लिहिलेलं आहे.

—

येळवस · मंगळवार, रात्री ८.२५

लातूरकडून थोडंसं. आमच्याकडं वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, अख्खं गाव रानात जातं. ज्वारीत कडब्याची कोप करायची, आत पांडव मांडायचे, भज्जी, उंडे, आंबील. बाकी जिल्ह्यांतल्या लोकांना त्या दिवशीचं ओस शहर बघून नवल वाटतं.

गेल्या वर्षी आमच्या वाट्याच्या रानात उभी ज्वारीच नव्हती. खरिपाला सोयाबीन, मग हरभरा. कोपीला कडबा शेजारच्या गावावरून ट्रॅक्टरमध्ये आणला. भज्जीला लागणारा पाला, शेंगा निम्म्या बाजारातून आणल्या. आई काही बोलली नाही, कोपीच्या दारात नुसती बसून राहिली. पीकपद्धत बदलली की आकडेवारीत हेक्टर बदलतात. सणाचं काय होतं ते कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही. २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा लातूरवर सगळ्यांनी लिहिलं. येळवशीवर असं लिहायला हवं.

—

कन्नडची_आजी · बुधवार, सकाळी ११.००

(नातू टाइप करतो आहे, आजी सांगते तसं.)

मास्तर, मी कन्नड तालुक्यातली. वय अठ्ठ्याहत्तर. नातवानं तुमचं वाचून दाखवलं. बाहत्तरला मी चोवीस-पंचवीसची.

डवरा म्हणजे ते कोळपायचं नव्हं. नदी आटली का वाळवंटात हातानं खड्डा उकरायचा. आधी वरची गरम वाळू, मग गार, मग ओली. कोपरापर्यंत हात गेला का पाणी झिरपायला लागतं. त्याला डवरा म्हणायचं. पाणी लई हळू यायचं. वाटीनं, नारळाच्या नरोटीनं घागरीत भरायचं. घाई केली का गढूळ. एक घागर भरायला बिडी ओढून व्हायची, दुसरीला त्याच्या दुप्पट. दिवसा उन्हानं पाणी वर येत नसे, रात्री यायचं. म्हणून बाया रात्रीच्या डवऱ्यावर बसायच्या. लेकरू मांडीवर, नंबर लावून. कुणी झोपलं तर तिच्या डवऱ्यातलं दुसरी उपसून न्यायची, म्हणून जागं राहायला ओव्या म्हणायच्या. तुमच्या पोरीच्या आजीनं खरं सांगितलं. दिवसा खडी, रात्री डवरा. झोप कधी, ते विचारू नका.

आणखी एक. सुकडी पदरात बांधून आणायची नाही, तिथंच खायला लावायचे. आमच्या मुकादमाचा तसा दंडक होता. आम्ही चोरून आणायचो. तुमच्याकडं वेगळं असल.

आणि डवरे सगळ्यांचे एका जागी नसायचे. महारवाड्याच्या बाया खालच्या अंगाला उकरायच्या. वरच्या अंगाला त्यांना येऊ देत नसत. मी तेव्हा काही बोलले नाही. आता सांगते.

—

कोयत्याचं_पोर · बुधवार, दुपारी १२.४०

आजी, शेवटचं सांगितलंत त्याबद्दल तुमच्या पाया पडतो.

१९३४ ला बाबासाहेब सोबत्यांना घेऊन दौलताबादचा किल्ला बघायला गेले. दाराजवळच्या हौदात प्रवासाच्या धुळीनं भरलेले हातपाय धुतले म्हणून त्यांना अडवलं, पाणी बाटवलं म्हणून शिव्या दिल्या. त्यांनी स्वतः ते लिहून ठेवलं आहे. तो हौद दगडाचा आहे, त्याची नोंद राहिली. वाळूतला डवरा पहिल्या पुरात बुजतो. तिथं कोण वर होतं आणि कोण खाली, ते आजी सांगतात तेव्हाच कळतं.

गंगथडी सर, मी लिहीन. आईला विचारून. वाचून दाखवून.

—

शाळू · बुधवार, रात्री १०.१५

आजी, डवरा आता कळला. आमच्या कयाधूच्या काठी माझी चुलती असंच काही सांगायची, तिचा शब्द 'झिरा' होता.

पण मला रात्रीपासून दुसरंच सुचतंय. आज दुष्काळ पडला तर डवरा उकरायचा कुठं? पात्रात वाळूच राहिली नाही. मी लहान असताना नदीत उतरलं की घोटा रुतायचा. आता काळा चिखल, खडक आणि वेडी बाभूळ. वाळूचे टिपर रात्रभर जातात, गावात कुणी बोलत नाही, बोललेल्याला काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. वाळू पाणी धरून ठेवायची म्हणून तर डवऱ्याला पाणी लागायचं. पोरीला डवरा म्हणजे अवजार वाटलं यात तिचा दोष नाही. तिनं तसली वाळू पाहिलीच नाही.

केजच्या ताई, हा विषय होईल का? आटलेल्या पात्रातल्या पाण्याचे शब्द आणि वाळू. कयाधू, दुधना, पूर्णा, तीन नद्या. मी मोटारसायकलवर फिरू शकतो. पेरणी झाली की श्रावणात मोकळा असतो.

—

केजची_पुण्यात · बुधवार, रात्री १०.३२

होईल. दादा, हाच घ्या. एक पानाचा आराखडा मराठीत लिहून मला निरोपात पाठवा, मी वाचून परत करते. आयएफएच्या अर्जासाठी पण हाच चालेल. जुन्या पात्रांसाठी सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे मी मिळवते. प्रत्येक गावात दोन प्रश्न ठरवून घ्या, पाणी कुठं उकरायचात आणि तिथं आता काय आहे. बाकी माणसांना बोलू द्या.

—

दस्तऐवज · गुरुवार, सकाळी ७.२०

शाळू, श्रावणापर्यंत थांबू नका. रविवारी या. अलिफ-बे पासून सुरू करू. तुमच्या तालुक्याचं खासरा पत्रक वाचता येईल इतकं चार महिन्यांत येतं. नदीकाठच्या गटांना त्यात काय नोंद आहे ते आपण दोघं मिळून बघू.

—

गंगथडी · शनिवार, रात्री ९.४५

मुलगी सुट्टीची वाट न पाहता काल गावी गेली. तिचं स्वतःचं लिहिलेलं तिच्या आणि तिच्या आजीच्या परवानगीनं खाली देतो. आजी नाव छापा म्हणाली आहे, पण इथं नको, पुस्तकात छापा म्हणाली. तेव्हा इथं नाव नाही.

"आजीला कन्नडच्या आजीचं सगळं वाचून दाखवलं. सुकडीचं ऐकून हसली, म्हणाली आमचा मुकादम भला होता, बघून न बघितल्यासारखं करायचा. मग म्हणाली चल दाखवते. काठी घेऊन नदीत उतरली. पुलाच्या खालच्या अंगाला गेली. तिथं चिखल होता. सप्टेंबरच्या पुरानं काठाची माती ढासळलेली आहे. आजीनं तीन ठिकाणी काठी रोवून बघितली, सगळीकडं खट्‌ वाजलं, खडक लागला. मी विचारलं, नक्की इथंच होता का? तर म्हणाली, हितं माझा, तितं सखूचा, तितं रुख्मीचा. काठीनं एक एक जागा दाखवली. अकरा बायांच्या जागा सांगितल्या. मी मोबाइलमध्ये प्रत्येक जागेवर खूण टाकली. खालच्या अंगाला कुणाचे होते विचारलं, तर थांबली. मग म्हणाली, नावं ठाव हायत मला, घरी चल, सांगते. घरी गेल्यावर पाच नावं सांगितली. त्यातल्या एक बाई अजून आहेत, गावाच्या त्या टोकाला राहतात. आजी म्हणाली, उद्या सकाळी दोघी मिळून जाऊ तिच्याकडं, तू मशीन घे."

आज सकाळी त्या दोघी गेल्या होत्या. ते रेकॉर्डिंग एक तास दहा मिनिटांचं आहे. मी अजून ऐकलेलं नाही, मुलगी उतरवते आहे. मध्ये एक शब्द तिला लागत नाही, लागला नाही तर इथं विचारते म्हणाली.